पुण्यातल्या घरासाठी स्टीलच्या खिडक्या आणि दरवाजे: कोणता प्रकार कुठे टिकतो

शोरूममधली स्टीलची खिडकी पाहताना आधी वाकून तिचा खालचा कोपरा पाहावा. दोन पट्ट्या ४५ अंशांत कापून जिथे जोडलेल्या असतात, तिथे कापलेल्या कडेवर जस्ताचा थर नसतो. पातळ पत्र्याच्या अशा कडेला शेजारचं जस्त काही काळ सांभाळून घेतं. पण तिथे पाणी उभं राहू लागलं की ते जस्त भराभर संपतं आणि गंज आतून सुरू होतो, बाहेरचा रंग तेव्हा अजून तुकतुकीत असतो. म्हणून रंग, डिझाइन आणि 'गेज' (पत्र्याच्या जाडीचा क्रमांक) यांच्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात: जस्त किती आहे आणि आत शिरलेलं पाणी बाहेर कुठून पडतं. पुण्यात मिळणाऱ्या खिडक्या-दारांचं हे परीक्षण याच दोन कसोट्यांवर आहे.

बाजारात साधारण तीन प्रकार दिसतात. पहिला, जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा रोलवर वळवून केलेली, पावडर कोटिंगची तयार खिडकी. काच, ग्रिल आणि मच्छरजाळी एकाच चौकटीत. दुसरा, एमएसच्या (साध्या पोलादाच्या) टी आणि झेड सेक्शनची, म्हणजे त्या अक्षरांच्या आकाराच्या पट्ट्यांची, बारीक चौकटीची खिडकी. डेक्कन, प्रभात रोड, सहकारनगर भागातल्या जुन्या बंगल्यांत आणि सोसायट्यांत दिसते तीच. तिसरा, स्टेनलेस स्टील. भोसरी किंवा धायरी-नऱ्हे पट्ट्यातल्या शेडमध्ये फॅब्रिकेटर स्क्वेअर पाइप आणि अँगल वेल्ड करून देतो ती खिडकी दुसऱ्या प्रकारातच धरावी, फक्त तिचं सेक्शन खिडकीसाठी बनलेलं नसतं. साध्या पाइपला काच बसवायची खाच आणि पाणी अडवणारी उभी कड नसते, त्या दोन्ही पट्टी मारून कराव्या लागतात.

जीआयची तयार खिडकी

सध्या सगळ्यात जास्त खपणारा प्रकार हा, आणि बहुतेक फ्लॅट-बंगल्यांसाठी आमची पहिली पसंतीही हीच. ग्रिल वेगळं करून घ्यावं लागत नाही, ॲल्युमिनियमपेक्षा चौकट ताठ राहते आणि उन्हाने फारशी लांबत नाही. दोन मीटरची पट्टी ४० अंशांच्या फरकाने स्टीलमध्ये जेमतेम एक मिलिमीटर वाढते, ॲल्युमिनियममध्ये जवळजवळ त्याच्या दुप्पट, यूपीव्हीसीमध्ये त्याहून कितीतरी अधिक. एप्रिलच्या दुपारी पश्चिमेची खिडकी अडकते की नाही, हे यावर ठरतं.

पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून घ्या. '२० गेज' म्हणजे एका तक्त्यात ०.९ मिमी, तर गॅल्वनाइज्ड पत्र्याच्या तक्त्यात १.० मिमी, त्यामुळे गेजवर वाद घालून हाती काही लागत नाही. चौकटीला १.० ते १.२ मिमी आणि शटरला (उघडणाऱ्या किंवा सरकणाऱ्या भागाला) ०.८ ते १.० मिमी मागावा. चौकट ०.६ मिमीची असेल तर स्क्रू दोनदा काढून बसवला की आटे जातात आणि बिजागरी लोंबू लागते. मायक्रोमीटर लावताना रंगाची जाडी वजा करायला विसरू नका, कारण दोन्ही बाजूंचं कोटिंग मिळून ०.१५ मिमीपर्यंत भरतं.

जस्त 'जीएसएम'मध्ये, म्हणजे चौरस मीटरमागे ग्रॅममध्ये सांगतात, आणि हा आकडा दोन्ही बाजूंचा मिळून असतो. १२० जीएसएम म्हणजे प्रत्येक बाजूला ६० ग्रॅम, जाडीत सुमारे ८ मायक्रॉन. २७५ जीएसएममध्ये हीच जाडी १९ मायक्रॉनच्या आसपास जाते. 'जीआय आहे, गंजणार नाही' एवढं सांगून विक्रेता थांबत असेल, तर पत्रा आयएस २७७ (जस्ताच्या पत्र्याचं भारतीय मानक) प्रमाणे कोणत्या वजनाचा आहे ते बिलावर लिहायला लावा. हडपसर-खराडीकडे १२० जीएसएमवर चांगलं कोटिंग असेल तर काम भागतं. बावधन, पिरंगुट, भूगावकडे, जिथे पाऊस शहराच्या पूर्वेपेक्षा बराच जास्त पडतो, तिथे जास्त जस्ताचा पत्रा मिळत असेल तर तोच घ्यावा.

पावडर कोटिंगमध्ये फसगत सर्वांत सोपी, कारण पहिल्या वर्षी चांगलं-वाईट सारखंच दिसतं. कोटिंग ६० ते ८० मायक्रॉन असावं आणि बाहेरच्या वापरासाठी पावडर 'प्युअर पॉलिएस्टर' असावी. घरातल्या फर्निचरसाठीची इपॉक्सी-पॉलिएस्टर पावडर स्वस्त पडते, पण उन्हात तिच्यावर पांढरट भुकटी येते. बोट फिरवलं की खडूसारखी लागते. त्याहून महत्त्वाची गोष्ट कोटिंगच्या आधीची धुलाई. तेल काढणं, पाण्याने धुणं, गंज काढणं, पुन्हा धुणं, फॉस्फेटिंग, पुन्हा धुणं, पॅसिव्हेशन अशा टाक्यांतून माल गेला नसेल तर पावडर पत्र्याला धरत नाही आणि कडेपासून पापुद्रे सुटतात. भोसरी-चाकण पट्ट्यात कोटिंग करणारे पुष्कळ आहेत, तेव्हा 'सेव्हन टँक' आहे का, हे थेट विचारावं. नमुन्याचा तुकडा मागून घ्या, ब्लेडने बारीक चौकटी पाडा, त्यावर चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. चौकटी पट्टीबरोबर निघून आल्या तर त्या ठिकाणी ऑर्डर देऊ नका.

आता ग्रिल. गज भरीव की पोकळ, एवढा एकच प्रश्न भावात मोठा फरक पाडतो आणि बहुतेक गिऱ्हाईक तो विचारत नाही. १२ मिमीचा भरीव चौकोनी गज मीटरला १.१३ किलो भरतो, तर त्याच मापाचा एक मिमी जाडीचा पोकळ पाइप मीटरला साधारण ३५० ग्रॅम. चार फूट बाय चार फूट खिडकीत दहा उभे गज धरले तर भरीव गजांचं वजन १४ किलोच्या आसपास आणि पोकळ गजांचं जेमतेम सव्वाचार किलो. रंग दिल्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, नाण्याने टिचकी मारली की आवाजात कळतात. तळमजला आणि पहिल्या मजल्याला भरीवच घ्या. वर पोकळ चालतील, पण त्यांची टोकं बंद केलेली हवीत, नाहीतर पाणी आत शिरून गज आतून खातो. दोन गजांमधली मोकळी जागा चार इंचांच्या वर नको आणि लहान मुलं असतील तर आडव्या पट्ट्या नकोत, त्यांवर पाय देऊन मुलं चढतात. प्रत्येक खोलीत नसेल, पण घरात किमान एका खिडकीच्या ग्रिलला दोन बाय अडीच फुटांचं उघडणारं दार ठेवाच, आणि त्याच्या कुलपाची किल्ली तिथेच भिंतीवर टांगा. मुख्य दाराशी आग लागली तर माणूस तिथूनच बाहेर पडणार असतो.

सरकती की उघडणारी? सरकत्या खिडकीत शटरच्या कडेला ब्रश असतो. तो धूळ अडवतो, वाऱ्याने आडवा येणारा पाऊस नाही. उघडणाऱ्या शटरमध्ये रबर दाबलं जातं, त्यामुळे पाणी आणि आवाज दोन्ही चांगले अडतात. पुण्यात पावसाळी वारा पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूंना, विशेषतः वरच्या मजल्यांवर छज्जा आखूड असेल तर, उघडणारी खिडकीच योग्य. तिच्यात एक अडचण असते ती ऑर्डरच्या आधी समजून घ्या. शटर बाहेर उघडतं, ग्रिल आत, मग मच्छरजाळी ग्रिलच्याही आत वेगळ्या आत उघडणाऱ्या चौकटीत घ्यावी लागते, आणि काच बाहेरून पुसायची तर गजांमधून हात घालावा लागतो. सिंहगड रस्ता किंवा कर्वे रस्त्यासारख्या रहदारीच्या कडेला असाल तर उघडणाऱ्या खिडकीत लॅमिनेटेड काच लावल्यावर फरक जाणवतो. सरकत्या खिडकीत तीच महाग काच बसवली तरी आवाज ब्रशच्या फटीतून येतच राहतो.

सरकत्या खिडकीत तीन ट्रॅक मागा, दोन काचेचे आणि एक जाळीचा. खालच्या ट्रॅकला बाहेरच्या बाजूने पाणी जायच्या खाचा असायला हव्यात आणि आतला काठ बाहेरच्यापेक्षा उंच हवा. शोरूममध्येच तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओतायला सांगा. अर्ध्या मिनिटात बाहेरून निघून गेलं पाहिजे. डबकं राहिलं तर घरी तेच डबकं महिनोन्‌महिने राहील. खाचा कोटिंगच्या आधी पाडल्या आहेत की नंतर ड्रिल मारून, हेही पाहा; नंतर पाडल्या असतील तर भोकाच्या कडा उघड्या चमकतात, आणि गंज तिथूनच लागतो.

चाकांचं गणित सोपं आहे. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे अडीच किलो. अडीच बाय चार फुटांच्या शटरमध्ये पाच मिमी काच म्हणजे साडेअकरा किलोच्या वर, त्यात पत्र्याची चौकट धरून शटर सतरा-अठरा किलोंवर जातं. चाकांची जोडी त्याहून जास्त वजनाची हवी, बेअरिंगवाली आणि खालून स्क्रूने उंची जुळवता येणारी. साधी नायलॉनची चाकं एका बाजूने झिजतात, मग शटर तिरकं होतं, खटका लागत नाही आणि लोक चौकटीला दोष देतात.

जाळी स्टेनलेस ३०४ची घ्या. फायबरची जाळी चालते, पण मांजर असेल तर टिकत नाही.

टी आणि झेड सेक्शनची खिडकी

या खिडकीचं रूप दुसऱ्या कशाला येत नाही. चौकट बारीक, तावदान मोठं, उजेड भरपूर. जुन्या बंगल्याची दुरुस्ती करताना सगळ्या खिडक्या काढून टाकायचा सल्ला कंत्राटदार पटकन देतो, पण हॉट रोल्ड सेक्शन तीन मिमीच्या आसपास जाड असतं आणि बहुधा फक्त खालची पट्टी आणि बिजागरीभोवतीचा भाग खाल्लेला असतो. खालची पट्टी कापून त्याच मापाचं सेक्शन वेल्ड करणं, काचेभोवतीची जुनी लांबी (पुट्टी) खरवडून काढणं, बिजागऱ्यांच्या पिना बदलणं, एवढ्यात खिडकी पुन्हा उभी राहते. स्क्रूड्रायव्हरची टोच मारून पाहा. टोच आरपार जात नसेल, नुसते पापुद्रे पडत असतील, तर खिडकी वाचते.

नवी करून घेत असाल तर आयएस १०३८ हे पोलादी दरवाजे-खिडक्यांचं मानक नाव घेऊन मागा. खरा खर्च गंजरोधक कामावर करा. फॅब्रिकेटर जो लाल रेड ऑक्साइड मारून देतो तो प्रवासापुरता. त्यावर ऑइल पेंट दिला तर पश्चिमेच्या खिडकीला दर दोन-तीन वर्षांनी खरवडून पुन्हा रंग द्यावा लागतो. चांगला मार्ग म्हणजे सगळं वेल्डिंग संपवून खिडकी वितळलेल्या जस्तात बुडवून घेणं, म्हणजे हॉट डिप गॅल्वनायझिंग. जस्ताचा थर ५० ते ७० मायक्रॉन बसतो, वेल्डच्या जागा आणि कापलेल्या कडाही झाकल्या जातात. दोन धोके मात्र आहेत. जस्ताची टाकी साधारण ४५० अंशांवर असते, त्यामुळे बारीक, लांब शटर वाकतं आणि परत आल्यावर सरळ करावं लागतं. पोकळ पाइप वापरला असेल तर हवा जायला भोकं पाडावीच लागतात. बंद पाइप टाकीत फुटू शकतो, कारखाना तो घेणारच नाही. जस्तावर थेट ऑइल पेंट धरत नाही, आधी एच (etch) प्रायमर लागतो, जो जस्ताला धरून राहतो. हे सगळं सांभाळणारा फॅब्रिकेटर मिळाला तर हा प्रकार जीआयच्या तयार खिडकीपेक्षा जास्त टिकतो. नाही मिळाला तर त्या वाटेला जाऊ नये.

काच लांबीने बसवण्याऐवजी पट्टी आणि रबर लावून बसवलेली बरी. लांबी उन्हाने तडकते आणि तडकलेल्या लांबीमागे पाणी मुरतं.

स्टेनलेस

घरभर स्टेनलेसची गरज नाही. धुण्याची गॅलरी, बाथरूमची झडप, टाकीजवळची जाळी इथे ते पैसे वसूल करतं. फक्त ३०४च हवं. बाजारात २०२ सर्रास विकलं जातं आणि चुंबक लावून ते ओळखू येत नाही, कारण दोन्हींना चुंबक जवळजवळ लागत नाही. तपासणीच्या द्रावणाचा थेंब टाकून रंग पाहतात, ती चाचणी दुकानदाराला समोर करायला सांगा. ३०४मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२मध्ये निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं, म्हणून साबणाच्या पाण्यात त्यावर तांबूस ठिपके येतात.

दरवाजे

लाकडी दिसणारा स्टीलचा मुख्य दरवाजा आता पुष्कळ घरांत लागतो, आणि तो घ्यायला हरकत नाही. वाळवी लागत नाही, पावसाळ्यात फुगून अडकत नाही. दोन्ही बाजूंचा पत्रा ०.८ मिमी आणि चौकट १.२ मिमी धरा. तीन बाय सात फुटांच्या दारात नुसता पत्राच साडेचोवीस किलो भरतो. आतल्या पट्ट्या, भरण आणि कुलूप धरून दार ३५ ते ४० किलो व्हायला हवं. विक्रेत्याने २२ किलो सांगितलं तर पत्रा पातळ आहे हे वेगळं तपासायला नको. आत कागदी मधपोळं, पीयू (पॉलीयुरेथेन) फोम किंवा रॉकवूल यांपैकी काहीतरी असतं. मधपोळ्याचं दार हलकं आणि स्वस्त, पण मुठीने ठोकलं की घुमतं. फोमचं दार भरीव वाजतं, उष्णता अडवतं. बिजागऱ्या चार हव्यात, बॉल बेअरिंगच्या.

लाकडाचा छाप ऊन थेट लागलं की फिका पडतो. दारावर पोर्च किंवा जिना असेल तरच तो घ्या, उघड्यावर साधा एकरंगी पॉलिएस्टर बरा. आयात दारांत पाच-सात ठिकाणी खटके असलेलं कुलूप असतं. दिसायला भारी, पण त्याचं मशीन बिघडलं तर त्याच मापाचं दुसरं रविवार पेठेत मिळतं का, हे दार घेण्याआधी विचारून या. सिलिंडर 'युरो प्रोफाइल'चं असेल तर किमान किल्लीचा भाग तरी बदलता येतो.

चौकट बसवताना तिच्या पोकळीत सिमेंट-वाळूचा पातळ माल भरला पाहिजे. न भरलेली चौकट दार आपटलं की पत्र्याच्या डब्यासारखी वाजते आणि बिजागरीचे स्क्रू सैल होतात. माल भरताना आतून दोन-तीन ठिकाणी आडवे टेकू लावावे लागतात, नाहीतर मालाच्या दाबाने चौकट मध्यभागी आत फुगते आणि दार घासतं. हे टेकू दुसऱ्या दिवसापर्यंत काढू नयेत.

बाथरूमला पत्र्याचं दार घेऊ नका. खालची तीन इंच पट्टी रोज भिजते, खालच्या घडीत पाणी चढतं आणि ते दिसत नाही. तिथे एफआरपी (फायबर) किंवा डब्ल्यूपीसीचं (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचं) दार सरस आहे.

माप आणि बसवणं

प्लास्टर आणि ग्रॅनाइटचा कट्टा झाल्यावरच अंतिम माप घ्यावं. रुंदी वर, मध्ये, खाली. उंची डावीकडे, मध्ये, उजवीकडे. आणि दोन्ही कर्ण. कर्णांत पाच मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर भोक गुण्यात (काटकोनात) नाही, आधी गवंड्याकडून नीट करून घ्या. सगळ्यात लहान मापातून दहा मिमी वजा करून खिडकीचं माप धरतात, म्हणजे चारही बाजूंना पाच-पाच मिमी सिलिकॉनसाठी उरतात. कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार हवा आणि पुढच्या कडेला खालून खाच हवी, म्हणजे पाणी भिंतीवरून मागे ओढलं जात नाही. खिडकीखाली दिसणारी ओल पुष्कळदा खिडकीची नसून या उताराची असते.

कोपऱ्यापासून सहा इंचांवर पहिला स्क्रू, पुढे दर दीड ते दोन फुटांवर एक. भिंत एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची) असेल तर नेहमीचा एक्स्पान्शन बोल्ट धरत नाही, ब्लॉक आतून चुरतो. एएसीसाठीचे लांब नायलॉन प्लग वापरा, नाहीतर बांधकामाच्या वेळीच स्क्रूच्या जागी काँक्रीटचे ठोकळे बसवून घ्या. खालच्या ट्रॅकमधून स्क्रू मारू देऊ नका, ते भोक म्हणजे भिंतीत पाणी सोडणारी वाटच. मारावाच लागला तर वर सिलिकॉन भरलेलं हवं.

सिलिकॉन 'न्यूट्रल' हवं. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं. ते जस्ताला खातं आणि सिमेंटला नीट चिकटतही नाही. ट्यूब फोडल्याबरोबर वासावरून कळतं.

खिडक्यांचं सर्वाधिक नुकसान मात्र त्या बसवून झाल्यावर होतं, फरशीच्या ॲसिड वॉशने. फरशीवरचं सिमेंट काढायला मजूर ॲसिड ओततात, त्याची वाफ बंद खोलीत ट्रॅकवर आणि बिजागऱ्यांवर बसते, आणि महिन्याभरात स्टेनलेसवर तांबडे ठिपके, जीआयवर पांढरी बुरशीसारखी पूड दिसते. तेव्हा ॲसिड वॉश आधी, शटर नंतर. जमत नसेल तर शटर काढून ठेवून चौकट प्लास्टिकने बंद करा. ओलं सिमेंट उडालं तर लगेच पाण्याने पुसा, वाळल्यावर खरवडलं की कोटिंगही निघतं. खिडकीवरची संरक्षक पट्टी बसवल्यावर लगेच काढा. उन्हात महिनोन्‌महिने राहिली की तिचा गोंद कायमचा बसतो. बसवलेल्या खिडकीजवळ ग्राइंडर चालू देऊ नका, उडालेले लोखंडाचे कण रंगात रुततात आणि पहिल्या पावसात गंजाचे डाग सोडतात.

भाव आणि बिल

भाव चौरस फुटावर सांगतात, पण त्यात काय धरलंय ते दुकानागणिक बदलतं. काच किती मिमी आणि टफन्ड आहे का, जाळी कसली, गज भरीव का, वाहतूक, मजल्यावर चढवणं, बसवणं, सिलिकॉन आणि १८ टक्के जीएसटी, हे सगळं वेगवेगळं लिहून घेतल्याशिवाय दोन कोटेशनची तुलना होत नाही. लहान झडपेला पुष्कळ जण किमान क्षेत्रफळ धरून पैसे लावतात, तेही आधी विचारा. सोसायटीत बाहेरून दिसणारा रंग किंवा ग्रिल बदलणार असाल तर समितीची परवानगी ऑर्डरच्या आधी घ्या. टफन्ड काच एकदा बनली की कापता येत नाही, त्यामुळे नंतर माप बदललं तर नुकसान तुमचंच. शेवटची दहा टक्के रक्कम पाण्याच्या चाचणीनंतर द्यायची असं कोटेशनवरच लिहून घ्यावं: बाहेरून नळीने १५ मिनिटं पाणी मारायचं, आत थेंब दिसला तर दुरुस्ती त्यांची.

बिलावर रंगाचा आरएएल क्रमांक (रंगछटेचा ठरलेला नंबर) आणि पावडरच्या कंपनीचं नाव असू द्या. पुढे ओरखडा पडला तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने गंज काढून, झिंक रिच प्रायमरचा एक हात आणि त्याच क्रमांकाचा पीयू रंग लावावा लागतो. क्रमांक नसेल तर ठिगळ उठून दिसतं. दर मे महिन्यात ट्रॅकमधली माती ब्रशने काढून पाण्याच्या खाचा तारेने नव्हे, प्लास्टिकच्या काडीने मोकळ्या कराव्यात. तार खाचेच्या कडेचं कोटिंग सोलून काढते.